चाचणी उत्तीर्ण, तरीही परका : शपथेपूर्वीच्या प्रतीक्षेचा इतिहास

१/
१९५० साली कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल खोऱ्यातील वेस्टमोरलंड या लहानशा गावात न्यायाधीशपदाची निवडणूक झाली. दलीपसिंग सौंद विजयी झाले. पंजाबातून १९२० साली आलेले, बर्कली येथे गणितात डॉक्टरेट मिळवलेले आणि पुढे शेती करणारे हे गृहस्थ. मतदारांनी त्यांना निवडले, पण ते पद त्यांना मिळाले नाही. कारण मतांचे नव्हते, तारखेचे होते. ते अमेरिकन नागरिक झाले १६ डिसेंबर १९४९ रोजी. निवडून आले तेव्हा त्या दिवसाला अजून वर्ष पुरे झाले नव्हते.

२/
नागरिकत्वाच्या कथा सांगताना आपण बहुधा दोन प्रसंग सांगतो : बोटीतून उतरणे आणि हात वर करून शपथ घेणे. मधली वर्षे, आणि त्यातही अगदी शेवटचा टप्पा, म्हणजे परीक्षा झाली आहे, अधिकाऱ्याचे समाधान झाले आहे, पण शपथ अजून व्हायची आहे, हा काळ कथेतून गळून जातो. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो फार महत्त्वाचा आहे. चाचणीने माणूस पात्र ठरतो. नागरिक होतो तो शपथेने. या दोहोंमधले अंतर कोणी निर्माण केले, कशासाठी केले आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा हा मागोवा.

३/
प्रारंभ १७९० पासून. अमेरिकेच्या पहिल्या नागरिकत्व कायद्याने दोन वर्षांचा रहिवास पुरेसा मानला. अर्ज न्यायालयात करायचा, चांगली वर्तणूक सिद्ध करायची आणि राज्यघटनेला पाठिंबा देण्याची शपथ घ्यायची, इतकीच प्रक्रिया. अट एकच, पण भयंकर : अर्जदार ‘स्वतंत्र गौरवर्णीय व्यक्ती’ असला पाहिजे. हे तीन शब्द पुढे दीडशेहून अधिक वर्षे कायद्यात ठाण मांडून बसले.

४/
१७९५ साली रहिवासाची मुदत पाच वर्षांवर गेली आणि एक नवा टप्पा आला. नागरिक होण्याचा इरादा तीन वर्षे आधी न्यायालयात नोंदवायचा. लोक या नोंदीला ‘पहिले कागद’ म्हणू लागले. शपथेतही भर पडली. ज्या राजाची प्रजा म्हणून अर्जदार आला, त्या राजाचे नाव घेऊन त्याच्याशी असलेली निष्ठा सोडावी लागे. १७९८ साली मुदत एकदम चौदा वर्षांवर गेली, कारण नवे नागरिक जेफर्सन यांच्या पक्षाला मते देतात अशी सत्ताधारी फेडरलिस्टांची धारणा होती. जेफर्सन अध्यक्ष झाल्यावर १८०२ मध्ये ती पुन्हा पाच वर्षांवर आली. म्हणजे प्रतीक्षा किती असावी हा प्रश्न पहिल्यापासूनच मतपेटीशी बांधलेला होता.

५/
एकोणिसाव्या शतकात ठरावीक चाचणी अशी नव्हतीच. न्यायाधीशाला वाटेल ते प्रश्न तो विचारी, न वाटल्यास विचारत नसे. नागरिकत्व देण्याचा अधिकार देशभरातील असंख्य लहानमोठ्या न्यायालयांना होता आणि प्रत्येकाचे कागद, शुल्क व शपथेचे शब्द वेगळे होते. याचा लाभ शहरांतील राजकीय यंत्रणांनी उचलला. १८६८ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी न्यूयॉर्कमध्ये टॅमनी हॉलच्या मर्जीतील न्यायाधीशांनी हजारो स्थलांतरितांना घाऊक पद्धतीने नागरिक केले. सकाळी शपथ, लगेच मतदारयादीत नाव.

६/
या गैरप्रकाराला उत्तर म्हणून आजच्या प्रतीक्षेचा पाया घातला गेला. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी नेमलेल्या आयोगाच्या शिफारशींनंतर २९ जून १९०६ रोजी नवा कायदा झाला. कागद देशभर एकसारखे झाले, मध्यवर्ती खाते स्थापन झाले आणि इंग्रजी बोलता येणे आवश्यक ठरले. त्याबरोबर दोन मुदती आल्या. अर्ज दाखल झाल्यावर त्याची सूचना न्यायालयात सर्वांना दिसेल अशी लावायची आणि किमान ९० दिवसांनंतरच अंतिम सुनावणी घ्यायची. तसेच सार्वत्रिक निवडणुकीपूर्वीच्या ३० दिवसांत कोणालाही नागरिक करायचे नाही.

७/
भिंतीवर लावलेल्या त्या सूचनेत अर्जदाराचे नाव, त्याचे जन्मस्थान, सुनावणीची तारीख आणि साक्षीदारांची नावे असत. कोणाला हरकत असेल तर त्याने या काळात पुढे यावे, हा हेतू. लग्नापूर्वी चर्चमध्ये जाहीर करतात तशीच ही घोषणा. प्रतीक्षा म्हणजे शासनाची चालढकल नव्हती. समाजाला ‘नाही’ म्हणण्यासाठी दिलेला तो अवधी होता. कल्पना न्याय्य वाटते. पण ‘नाही’ म्हणायला खुद्द शासनच उभे राहिले तर काय होते, हे भारतीयांना लवकरच कळले.

८/
भगतसिंग थिंद १९१३ मध्ये अमेरिकेत आले आणि पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकन लष्करात भरती झाले. ९ डिसेंबर १९१८ रोजी वॉशिंग्टन राज्यात त्यांना नागरिकत्व मिळाले. १३ डिसेंबरला ते काढून घेण्यात आले. मधे अवघे चार दिवस. कारण सांगितले गेले ते असे की, हा ‘गौरवर्णीय’ नव्हे. त्या दिवशी थिंद अजून लष्करातच होते. त्यांना सन्मानाने सेवामुक्त करण्यात आले ते आणखी तीन दिवसांनी.

९/
थिंद यांनी शेजारच्या ओरेगॉन राज्यात मे १९१९ मध्ये पुन्हा अर्ज केला. नागरिकत्व खात्याच्या अधिकाऱ्याने कडाडून विरोध केला. वर्ष गेले, आणखी सहा महिने गेले. अखेर १८ नोव्हेंबर १९२० रोजी न्यायाधीश चार्ल्स वुल्व्हर्टन यांनी त्यांच्या बाजूने निर्णय दिला आणि थिंद दुसऱ्यांदा नागरिक झाले. शासनाने माघार घेतली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

१०/
१९ फेब्रुवारी १९२३. न्यायमूर्ती जॉर्ज सदरलंड यांनी न्यायालयाचा एकमताचा निकाल लिहिला. वंशशास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गौरवर्णीय समजतो तोच कायद्यानेही गौरवर्णीय, असा त्याचा आशय होता. थिंद यांचे नागरिकत्व दुसऱ्यांदा गेले. या निकालाचा आधार घेऊन शासनाने आधीच शपथ घेतलेल्या इतर भारतीयांविरुद्धही दावे लावले. शपथेनंतर प्रतीक्षा संपते, ही समजूतच यामुळे मोडीत निघाली.

११/
याच वेळी एक वकील स्वतःसाठी उभा राहिला. सखाराम गणेश पंडित. कॅलिफोर्नियातील न्यायालयाने १९१४ मध्ये त्यांना नागरिक केले होते. थिंद यांच्या बाजूच्या वकिलांमध्येही ते होते. आता त्यांच्याच नागरिकत्वावर टाच आली. पंडितांनी वर्णाचा वाद बाजूला ठेवला आणि शपथेकडे बोट दाखवले. सक्षम न्यायालयाने सर्व पुरावे पाहून निर्णय दिला, शासनाने तेव्हा अपील केले नाही, आणि त्या निर्णयावर विसंबून आपण आपले सारे आयुष्य उभारले, वकिली केली, घर केले, मायदेशातले हक्क सोडले. आता तोच प्रश्न पुन्हा उकरून काढता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

१२/
युक्तिवाद टिकला. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने पंडितांच्या बाजूने निकाल दिला आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शासनाची विनंती ऐकून घेण्यास नकार दिला. त्याचा लाभ मराठी वाचकाला नावावरूनच ओळखीच्या वाटणाऱ्या आणखी एका गृहस्थांना झाला. शंकर लक्ष्मण गोखले हे न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीत अभियंता होते. त्यांचे नागरिकत्व खालच्या न्यायालयांनी रद्द ठरवले होते. १९२८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात शासनाने स्वतःच चूक मान्य केली आणि तो निर्णय फिरला.

१३/
सर्वांना मात्र तितका वेळ मिळाला नाही. वैष्णोदास बगाई १९१५ मध्ये पत्नी आणि तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला आले. १९२१ मध्ये ते नागरिक झाले आणि थिंद निकालानंतर त्यांचे नागरिकत्व गेले. परकीयांना जमीन बाळगण्यास मनाई करणारे कॅलिफोर्नियाचे कायदे आता त्यांना लागू झाले. मालमत्ता विकावी लागली. मायदेशी जाऊन येण्यासाठी अमेरिकन पारपत्र मिळेना. ब्रिटिश पारपत्रावर जा, असे सांगण्यात आले. ज्या राजाची निष्ठा त्यांनी शपथपूर्वक सोडली होती, त्याचीच प्रजा म्हणून प्रवास करायचा. १९२८ मध्ये त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. वृत्तपत्राला लिहिलेल्या अखेरच्या पत्रात त्यांनी आपल्या या कोंडीबद्दल जाब विचारला होता.

१४/
थिंद मात्र थांबले. १९३५ मध्ये पहिल्या महायुद्धात लष्करी सेवा केलेल्या आशियाई सैनिकांना नागरिकत्व देणारा कायदा झाला. १९३६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ते तिसऱ्यांदा, आणि या वेळी कायमचे, अमेरिकन नागरिक झाले. एकाच माणसाला एकाच देशाने तीनदा आपले म्हणायला अठरा वर्षे लागली.

१५/
सर्वसामान्य भारतीयांसाठी दार उघडले ते २ जुलै १९४६ रोजी, लूस–सेलर कायद्याने. त्यासाठी झटणाऱ्यांत दलीपसिंग सौंद अग्रभागी होते. कायदा झाला तेव्हा त्यांना अमेरिकेत सव्वीस वर्षे झाली होती. नागरिकत्व हाती आले डिसेंबर १९४९ मध्ये, म्हणजे आणखी सुमारे साडेतीन वर्षांनी. वेस्टमोरलंडच्या निवडणुकीत आड आलेली तारीख ती हीच. एकोणतीस वर्षांचा रहिवास आणि शेजाऱ्यांचा विश्वास एका बाजूला, कागदावरील दिनांक दुसऱ्या बाजूला. जिंकला दिनांक.

१६/
आज परिचित असलेल्या चाचणीला कायद्याचे अधिष्ठान मिळाले ते १९५० मध्ये. इंग्रजी वाचता-लिहिता येणे आणि अमेरिकेचा इतिहास व शासनपद्धती यांचे ज्ञान असणे त्या कायद्याने बंधनकारक केले. तो शीतयुद्धाच्या भयातून आलेला होता. शपथेत गरज पडल्यास शस्त्र धारण करण्याचे वचनही त्याच कायद्याने घातले. १९५२ च्या कायद्याने वंशाची अट पूर्णपणे हटवली आणि ‘पहिले कागद’ सक्तीचे राहिले नाहीत. भिंती उतरल्या, पण टप्पे राहिले.

१७/
दीर्घकाळ अंतिम निर्णय आणि शपथ हे दोन्ही न्यायाधीशासमोरच होत. १९९० च्या कायद्याने हे चित्र बदलले. अर्ज मंजूर करण्याचा अधिकार न्यायालयांकडून प्रशासनाकडे गेला आणि १ ऑक्टोबर १९९१ पासून ही पद्धत सुरू झाली. ज्या न्यायालयांना हवे त्यांनी शपथविधी मात्र स्वतःकडे ठेवला. परिणाम असा की निर्णय एका कार्यालयात आणि शपथ दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या दिवशी, दुसऱ्याच वेळापत्रकाने होऊ लागली. अर्जासोबत नाव बदलून हवे असेल तर न्यायालयातील शपथविधीचीच वाट पाहावी लागते, कारण नाव बदलण्याचा अधिकार न्यायाधीशाचा.

१८/
आजची रीत अशी. मुलाखतीत अधिकारी इंग्रजी तपासतो आणि इतिहास व शासनावरचे प्रश्न विचारतो. २००८ च्या चाचणीत १०० प्रश्नांच्या यादीतून जास्तीत जास्त १० विचारले जात आणि ६ बरोबर यावे लागत. मुलाखत संपताना निकालाचा कागद हाती मिळतो. काही कार्यालयांत त्याच दिवशी शपथ होते. बाकीच्यांना शपथविधीच्या पत्राची वाट पाहावी लागते; कधी काही आठवडे, कधी महिने. त्या पत्रासोबत पुन्हा प्रश्न असतात : मुलाखतीनंतर परदेशी गेलात का, विवाह अथवा घटस्फोट झाला का, अटक झाली का? उत्तरे शपथेच्या दिवशी द्यायची असतात. मंजूर झालेला अर्जही शपथेपूर्वी नवी माहिती पुढे आल्यास पुन्हा उघडता येतो. चाचणी संपली असे अर्जदाराला वाटते. कायद्याला तसे वाटत नाही.

१९/
या काळात काय हातात नसते? मत देता येत नाही. अमेरिकन पारपत्र मिळत नाही. नागरिकांसाठी राखीव असलेल्या शासकीय नोकऱ्या दूरच राहतात. सर्वांत नाजूक प्रश्न मुलांचा. २००१ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार, आईवडिलांपैकी एक नागरिक होताच त्यांच्यासोबत तेथे कायदेशीर कायम रहिवासी म्हणून राहणारे अठरा वर्षांखालील अपत्य आपोआप नागरिक होते. पण शपथेपूर्वी अपत्याला अठरा वर्षे पूर्ण झाली, तर हा मार्ग बंद होतो; पुढे त्याला स्वतःचा अर्ज, स्वतःची चाचणी आणि स्वतःची प्रतीक्षा. एका घरात दोन भावंडांची नागरिकत्वे केवळ एका पत्राच्या तारखेमुळे वेगळी होऊ शकतात.

२०/
२०२० मध्ये ही फट सर्वांना दिसली. १८ मार्च रोजी साथीमुळे नागरिकत्व खात्याची कार्यालये लोकांसाठी बंद झाली. ज्यांची शपथ ठरली होती असे लाखाहून अधिक लोक अधांतरी राहिले. शपथ दूरचित्रसंवादाने घ्यावी, अशी मागणी झाली. खात्याने ती मानली नाही. ४ जूनपासून लहान लहान गटांत विधी सुरू झाले. काही ठिकाणी लोक मोटारीत बसूनच हात वर करून शपथ घेऊ लागले. विधी काही मिनिटांत आटोपे. नोव्हेंबरमध्ये अध्यक्षीय निवडणूक होती आणि मतदारनोंदणीच्या मुदती त्याआधीच संपत होत्या. १९०६ साली खोट्या मतदारांना रोखण्यासाठी जो अवधी ठेवला गेला होता, त्याच जागी आता खरे पात्र लोक मतासाठी दिवस मोजत होते.

२१/
मराठी घरांनाही हा अवधी अपरिचित नाही. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात स्थिरावलेल्या कुटुंबांत शपथविधीचे पत्र येण्याचा काळ दुहेरी असतो. भारताच्या राज्यघटनेतील नवव्या अनुच्छेदाने आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातील नवव्या कलमाने दुहेरी नागरिकत्वाला वाव ठेवलेला नाही. स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. म्हणजे चाचणी उत्तीर्ण झालेला माणूस पत्र येईपर्यंत पूर्ण भारतीय असतो; या काळात गावी जाऊन यायचे तर भारतीय पारपत्रावरच जातो. शपथेच्या सभागृहात शिरताना तो ग्रीन कार्ड परत करतो आणि अखेरचे वाक्य उच्चारल्यावर एक देश सुटून दुसरा लाभलेला असतो. परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून मिळणारे, २००५ पासूनचे कार्ड येण्या-जाण्याची सोय करते. मताधिकार परत देत नाही.

२२/
म्हणूनच काहींना ही प्रतीक्षा नकोशी वाटते आणि काहींना ती हवीशी असते. बगाई यांच्या काळात शपथेत सोडायचा होता परका राजा. आजच्या अर्जदाराला सोडायचे असते स्वतंत्र देशाचे नागरिकत्व, ज्यासाठी कदाचित त्याच्या आजोबांनी तुरुंगवास भोगलेला असतो. मधल्या आठवड्यांत कायदा त्याची तपासणी करत असतो, तोही बहुधा स्वतःची.

२३/
इतिहास या प्रतीक्षेबद्दल दोन गोष्टी सांगतो. पहिली : ती निरर्थक नाही. शपथ विकत घेता येऊ नये, म्हणून तिच्याआधी अवधी ठेवला गेला आणि त्यामागे टॅमनी हॉलचा खरा अनुभव होता. दुसरी : अवधी तटस्थ नसतो. तो नियमाने ठरला तर संरक्षण देतो. अधिकाऱ्याच्या पूर्वग्रहाने अथवा कार्यालयाच्या सोयीने लांबला तर मत, पद, मुलाचा हक्क, एखाद्या वेळी आयुष्यही हिरावून घेतो. थिंद, पंडित, गोखले आणि बगाई यांची प्रकरणे एकाच कायद्याखाली घडली. कोण वाचला आणि कोण नाही, हे बरेचसे कोणाला किती काळ थांबता आले यावर ठरले.

२४/
सौंद थांबले. १९५२ मध्ये वेस्टमोरलंडच्या मतदारांनी त्यांना पुन्हा न्यायाधीश म्हणून निवडले आणि या वेळी ते आसनावर बसले. १९५६ मध्ये ते अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले. तेथे पोहोचलेले ते पहिले आशियाई वंशाचे सदस्य. प्रतिनिधी होण्यासाठी अमेरिकेच्या राज्यघटनेने किमान सात वर्षांचे नागरिकत्व आवश्यक ठरवले आहे. १६ डिसेंबर १९४९ पासून मोजले तर जानेवारी १९५७ मध्ये त्यांनी पदाची शपथ घेतली तेव्हा सात वर्षे पूर्ण होऊन तीन आठवडेही उलटले नव्हते.